नऊ वर्षांचा सॉर्टर: दुरुस्त करावा की नवा घ्यावा? (डाळमिल, जळगाव)

डाळवाला_जळगाव

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे, काका आणि मी मिळून बघतो. तूर वर्षभर, मूग-उडीद आले की त्यांची डाळ. सॉर्टरवरून, म्हणजे कॅमेऱ्याने बघून खराब दाणा बाजूला काढणाऱ्या मशीनवरून, ताशी दीड टन माल जातो, वर्षाला २००० तास धरा.

सॉर्टर २०१६ साली ३२ लाखांना घेतला होता. आता इजेक्टर (हवेच्या फटक्याने खराब दाणा उडवणारे व्हॉल्व्ह) थकलेत, मे महिन्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड तापून मशीन बंद पडतं, आणि रिजेक्टच्या, म्हणजे बाजूला काढलेल्या मालाच्या पोत्यात पिवळीधम्मक चांगली डाळ दिसली की जीव तुटतो. गेल्या वर्षी नुसत्या कार्डांवर १ लाख ८० हजार गेले. सर्व्हिसवाला म्हणतो, साडेतीन लाखांत सगळे इजेक्टर आणि कॅमेऱ्याचं काम करून देतो, तीन वर्षं बघायला नको. नव्याचं कोटेशन २४ लाख अधिक जीएसटी. जुन्याला एक व्यापारी ४ लाख देतोय. बँक ११ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे.

काकांचं म्हणणं, पुस्तकात मशीन अजून ७ लाख ४१ हजारांचं आहे, ४ लाखांना दिलं तर सरळ ३ लाख ४१ हजारांचा तोटा, वर गेल्या वर्षीचे १ लाख ८० हजार वाया. त्यांना उत्तर द्यायचं तर आकड्यांतच द्यावं लागेल. हिशेब मांडायचा कसा?

अमळनेरकर

भाऊ, नवंच ल्या. जुनं ते जुनंच ऱ्हातं. आमच्याकडे नवा सॉर्टर लावला तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं, दोन वर्षांत पैसे वसूल. माल खरंच साफ निघतोय, गिऱ्हाइकाची तक्रार बंद झाली.

नाना_मेंटेनन्स

भाऊ, काकांना आधी माझा नमस्कार सांगा. पैसा जपणारा माणूस आहे, त्यांना उडवून लावू नका. मी आधी जिनिंगमध्ये आणि मग डाळमिलमध्ये मेंटेनन्स बघितलं, भुसावळला असतो. ही चर्चा मी कितीतरी ऑफिसांत ऐकली आहे आणि दर वेळी ती चुकीच्या आकड्यांवर अडते.

३२ लाख, ७ लाख ४१ हजार आणि १ लाख ८० हजार, हे तिन्ही आकडे कागदावरून खोडा. तुम्ही काहीही ठरवलं तरी ते बदलणार नाहीत. जुन्या मशीनची आजची किंमत ४ लाख, कारण ते ठेवलं तर व्यापाऱ्याचे ४ लाख तुम्ही नाकारताय. म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायात तुमचे साडेतीन नाही, साडेसात लाख अडकतात. हे काकांना नीट समजावून सांगा, इथेच सगळे फसतात.

अमळनेरकर भाऊ, 'दोन वर्षांत वसूल' यात जुनं मशीन काय खात होतं आणि नवं किती वर्षं चालणार, यातलं काहीच येत नाही. दुरुस्त केलेलं तीन वर्षं चालणार, नवं दहा. अशा दोन मशीनांची तुलना करायची तर दोन्हींचा दर वर्षाचा खर्च काढायचा. एक्सेलमध्ये पीएमटी (दर वर्षाचा सारखा हप्ता काढणारं सूत्र) लावा, ११ टक्के व्याज टाका, शेवटी भंगारात किंवा सेकंडहँड जे मिळेल ते वजा करा.

पण त्याआधी एक काम. तुमच्या धंद्यात वीजबिल आणि दुरुस्तीपेक्षा मोठा खर्च रिजेक्टच्या पोत्यात बसलेला असतो आणि तो कोणत्याच खात्यात दिसत नाही. सकाळी मशीन गार असताना, दुपारी तापल्यावर आणि संध्याकाळी, असे तीन वेळा किलोभर रिजेक्ट काढा. निळ्या कागदावर पसरून दिवसाच्या उजेडात बसा. काळी टिक्की वेगळी, साल राहिलेली वेगळी, खडा-काडी वेगळी, चांगली डाळ वेगळी. चांगली डाळ काट्यावर टाका. ताशी रिजेक्ट किती निघतं तेही मोजा. मग तोच माल नव्या मशीनवर डेमोला न्या, आणि सर्व्हिसवाल्याला म्हणा, असंच दुरुस्त केलेलं मशीन जिथे चालू आहे तिथलं किलोभर रिजेक्ट आणून दे. हे आकडे आणा, मग बोलू.

सीए_धुळे

दोन गोष्टी, कारण कोटेशनचा आकडा पुरा नाही.

जीएसटी: धान्य-डाळी साफ करण्याच्या आणि निवडण्याच्या यंत्रांवरचा कर १८ जुलै २०२२ पासून ५ वरून १८ टक्के झाला. त्याच दिवसापासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के कर आला. तुमचा माल ३० किंवा ५० किलोच्या कट्ट्यात जात असेल तर विक्री करमुक्त आणि म्हणून मशीनवरच्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर वळता करून घ्यायची सोय) नाही. थोडा माल पॅकबंद जात असेल तर तेवढ्या प्रमाणात मिळेल. तुमच्या सीएकडून पक्कं करून घ्या, चार लाखांच्या वरचा प्रश्न आहे.

घसारा (मशीन जुनं होतं म्हणून दर वर्षी उत्पन्नातून मिळणारी वजावट): आयकरात मशीनरी एका गटात धरतात आणि गटाच्या उरलेल्या रकमेवर दर वर्षी १५ टक्के घसारा मिळतो. जुनं विकलं की मिळालेले ४ लाख गटातून वजा होतात. गटात बाकी मशीनरी शिल्लक आहे तोवर काका म्हणतात तो ३ लाख ४१ हजारांचा तोटा वेगळा काढलाच जात नाही, उरलेल्या रकमेवर घसारा चालू राहतो. मात्र नवं मशीन त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणजे ते ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आत सुरू झालेलं बरं.

डाळवाला_जळगाव

नाना, काका स्वतः काट्यापाशी बसले होते! आमच्या रिजेक्टमध्ये किलोमागे सरासरी ४५० ग्रॅम चांगली डाळ निघाली. दुपारचा नमुना सर्वांत वाईट. रिजेक्ट ताशी २० किलो. डेमोला ताशी १५ किलो आणि किलोमागे २५० ग्रॅम. दुरुस्त केलेलं याच मॉडेलचं मशीन एका मिलमध्ये चालू आहे, तिथे तेवढ्याच मालाला ताशी १७ किलो आणि किलोमागे ३५० ग्रॅम. चांगली डाळ आणि रिजेक्ट यांच्या भावात किलोला २५ रुपयांचा फरक पडतो.

बाकीचे आकडे: देखभाल आज वर्षाला १ लाख ६० हजार, दुरुस्तीनंतर ९० हजार, नव्याला ३५ हजार. कॉम्प्रेसर नव्या मशीनपेक्षा आज ४ किलोवॅट जास्त ओढतो, दुरुस्तीनंतर २ किलोवॅट. युनिट ९ रुपये. माल सगळा ३० किलोच्या कट्ट्यात जातो, म्हणजे क्रेडिट नाही. जीएसटी आणि बसवणी धरून नवं २९ लाखांना पडेल. जुनं काहीच न करता ठेवलं तर पुढच्या वर्षी व्यापारी अडीच लाख देईन म्हणतो. दुरुस्त करून तीन वर्षांनी विकलं तर लाखभर येईल. नव्याचे दहा वर्षांनी ४ लाख धरलेत.

नाना_मेंटेनन्स

काका काट्यापाशी बसले म्हणजे अर्धं काम झालं. आता बघा, सगळे आकडे वर्षाचे.

आहे तसंच ठेवलं तर: ४ लाखांवर वर्षाचं व्याज आणि किमतीतली घट मिळून १.९४ लाख. रिजेक्टमधली चांगली डाळ ताशी ९ किलो, म्हणजे वर्षाला १८ टन, साडेचार लाख रुपये. देखभाल १.६०, जास्तीची वीज ०.७२. एकूण ८.७६ लाख. 'या वर्षी राहू द्या, पुढच्या वर्षी बघू' म्हणणं सर्वांत महाग आहे. त्या १८ टनांचा आकडा काकांसमोर ठेवा.

दुरुस्ती: साडेसात लाख तीन वर्षांत ११ टक्क्यांनी, शेवटचा लाख वजा करून २.७७. डाळ २.९८, देखभाल ०.९०, वीज ०.३६. एकूण ७.०१ लाख.

नवं: २९ लाख दहा वर्षांत, शेवटचे ४ लाख वजा करून ४.६९. डाळ १.८८, देखभाल ०.३५. एकूण ६.९२ लाख.

म्हणजे २००० तासांना दोन्ही जवळपास सारखे. अशा वेळी नऊ हजारांच्या फरकावर निर्णय घ्यायचा नसतो. कोणता आकडा हलला तर पारडं फिरतं ते बघायचं. तास १२०० वर आले तर दुरुस्ती वर्षाला ४९ हजारांनी स्वस्त. दोन पाळ्या लावून ३००० तास केले तर नवं ८३ हजारांनी स्वस्त. सर्वांत मोठा प्रश्न सर्व्हिसवाल्याच्या 'तीन वर्षं बघायला नको' या वाक्याचा आहे. दुरुस्ती दोनच वर्षं टिकली आणि तेव्हा मशीनचे दीड लाख आले, तरी तिचा वार्षिक खर्च ७.९१ लाखांवर जातो. नव्यापेक्षा लाखभर जास्त. त्याला म्हणा, तीन वर्षांची हमी कागदावर दे. देत असेल तर दुरुस्ती करा, नसेल तर नवं घ्या. माझं मत एवढं स्पष्ट आहे.

आणि एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. इजेक्टर कशाने गेले ते शोधा. एअर ड्रायरच्या (हवा कोरडी करणाऱ्या यंत्राच्या) पुढे सॉर्टरला जाणारी हवेची नळी उघडून पांढऱ्या फडक्यावर हवा सोडा. फडकं ओलं किंवा तेलकट झालं तर एअर ड्रायर आणि फिल्टर आधी बदला. पावसाळ्यात ओली हवा इजेक्टरमध्ये गेली की सील फुगतात, तेलाला डाळीची पूड चिकटते. ते न करता २९ लाखांचं मशीन लावलं तर दोन वर्षांत इथेच परत हाच प्रश्न विचाराल. कार्ड तापण्याचंही तसंच. जळगावचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा, सॉर्टरला बंद खोली आणि एसी हवाच.

डाळवाला_जळगाव

फडकं तेलकट निघालं नाना. ड्रायरचं फिल्टर कधी बदललं ते मिलमध्ये कोणालाच आठवेना. सर्व्हिसवाला तीन वर्षांचं लिहून द्यायला तयार नाही, इजेक्टरवर सहा महिने म्हणतो. काका म्हणाले, मग नवंच घेऊ, पण ड्रायर आधी. आता तारखेचं काय करू? सीए साहेब म्हणतात ऑक्टोबरच्या आत, पण मूग-उडीद आले की मशीन तासभरही थांबवता येत नाही.

सीए_धुळे

उशीर झाला तर २९ लाखांवर पहिल्या वर्षीचा घसारा २ लाख १७ हजारांनी कमी मिळेल. ३० टक्क्यांनी ६५ हजारांच्या आसपास कर जास्त भरावा लागेल. तो बुडत नाही, पुढच्या वर्षांत घसाऱ्यातून हळूहळू वळता होतो. तेवढ्यासाठी सीझन मोडू नका.

नाना_मेंटेनन्स

ऑगस्टमध्ये, नवा मूग बाजारात यायच्या आधी बसवा, दोन्ही साधेल. ऑर्डर देताना इजेक्टरचा आणि कार्डाचा सुटा भाव पाच वर्षांसाठी लिहून घ्या. शेवटचे १० टक्के पैसे तुमच्या मिलमध्ये, तुमच्या तुरीवर, दुपारच्या उन्हात रिजेक्टमधली चांगली डाळ किलोमागे २५० ग्रॅमच्या आत आल्यावरच द्यायचे, असंही ऑर्डरमध्ये टाका. काट्यापाशी काकांनाच बसवा.