बायांच्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन कशाला?

रंगपेटी (नागपूर जिल्हा):
मी शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलींना एखाद्या चित्रकार बाईचं नाव विचारलं, तर अमृता शेरगिलच्या पुढे कुणी गेलं नाही. बी. प्रभा कुणालाच ठाऊक नव्हत्या. त्या १९३३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या बेल्यात जन्मल्या, नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईला जे. जे.त गेल्या. त्यांच्या कोळणी बघा: उंच, सडपातळ, लांब मानेच्या, आणि अख्ख्या चित्रावर एकाच रंगाचा अंमल. एअर इंडियाने त्यांची चित्रं विकत घेतली होती. म्हणून म्हणते, फक्त स्त्री चित्रकारांची प्रदर्शनं भरलीच पाहिजेत, आणि तालुक्याच्या गावीही.

कपाशीवाला (यवतमाळ):
पटलं नाही, मॅडम. चित्र चांगलं की वाईट, एवढंच बघावं. आठ मार्चला दालन सजतं, नऊ मार्चला चित्रं गोदामात जातात. वेगळं मांडलं की लोक वेगळंच मोजतात. बी. प्रभा काही महिलांच्या कोट्यातून मोठ्या झाल्या नाहीत.

रंगपेटी:
चांगलं-वाईट ठरवतानाच नाव बदललं जातं, त्याचं काय? हॉलंडची युडिथ लेस्टर सतराव्या शतकातली. तिचं चित्र तिच्याच काळातल्या नामांकित चित्रकाराचं, फ्रान्स हाल्सचं म्हणून विकलं गेलं. १८९३ साली सहीतली अक्षरं आणि त्यांना जोडलेली चांदणी नीट वाचली, तेव्हा ते तिचं निघालं. चित्र तेच होतं! असा शोध मुद्दाम घ्यावा लागतो. १९७६ मध्ये लॉस एंजेलिसला लिंडा नॉक्लिन आणि अ‍ॅन सदरलंड हॅरिस या कला-इतिहासकार बायांनी १५५० ते १९५० मधल्या चित्रकर्तींचं प्रदर्शन मांडलं, ते याचसाठी.

भंडाऱ्याची लेक:
तुमी दोघंही कॅनव्हासवरच बोलून राह्यले जी. वारल्यांचा लग्नाचा चौक, म्हंजे लग्नघरच्या भिंतीवरचं चित्र, सवाशिणीच लिहीत. पण कागदावरच्या वारली चित्रांत नाव झालं जिव्या सोमा मशे यायचं, २०११ मध्ये पद्मश्री. माणूस मोठाच, वाद नाही. पण त्याच्या आधीच्या बायांची नावं कुटं हायेत? तिकडं बिहारच्या मधुबनीत दुष्काळाच्या वक्ताले चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन गेले, तं तिथल्या बाया पुढं आल्या. जगदंबा देवीले १९७५ मध्ये पद्मश्री भेटली. वारल्यांकडंही मंग हेच कुलकर्णी गेले होते.
आमची आजी दिवाळीच्या आधी भिंत सारवून बोटाले चिंधी गुंडाळे अन् पांढऱ्या मातीत बुडवून मोर काढे. खाली गेरूचा पट्टा. पुढच्या साली त्याच्यावरच पुन्हा सारवण.

कपाशीवाला:
ताई, हे माझ्याच बाजूचं झालं. मधुबनीत कागद मिळाला, गिऱ्हाईक मिळालं, म्हणून नाव झालं. शेरगिलचं चित्र २०२३ साली लिलावात ६१.८ कोटींना गेलं, तेही सगळ्यांच्या चित्रांसोबत. एकाच भिंतीवर लावा ना!

रंगपेटी:
त्या एका भिंतीची वाट किती बघायची? स्पेनमधलं, माद्रिदचं प्रादो संग्रहालय १८१९ साली उघडलं. तिथे एकट्या चित्रकर्तीचं पहिलं प्रदर्शन झालं ते क्लारा पेटर्सचं, २०१६ मध्ये. माझ्या मुली तोवर थांबणार नाहीत, लग्नं होऊन रंग सुटतील.

भंडाऱ्याची लेक:
मी मॅडमच्या बाजूनं. पण हॉलमध्ये नोका भरवू. दिवाळीच्या आधी गावात या, भिंती ताज्या असताना फोटो काढा. खाली बाईचं नाव लिवा, 'अमक्याची सून' असं नाही. अन् फोटो विकला तं पैसा तिच्याच खात्यात.

कपाशीवाला:
पैशाचं मान्य. वेगळ्या दालनाचं अजूनही नाही. त्या फोटोंना नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या सरकारी संग्रहालयात, कायमची जागा मागा, अर्जावर पहिली सही माझी.