रत्नागिरी शहरात छायाचित्रणासाठी जागा कशा शोधाव्यात?

गोदाकाठ

नमस्कार. नोव्हेंबरच्या अखेरीस नात्यातल्या एका लग्नासाठी रत्नागिरीला येणे होत आहे आणि लग्नाआधीचा शनिवार-रविवार मोकळा मिळणार आहे. कॅमेऱ्यासोबत १८-५५ची लेन्स आणि एक ५०ची लेन्स असेल. ट्रायपॉड आणण्याची तयारी आहे, मात्र स्वतःचे वाहन नसेल. इंटरनेटवर प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या भरपूर मिळाल्या, पण त्यांत थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, मांडवी, भाट्ये ही नावे फिरून फिरून तीच येतात आणि सोबतची छायाचित्रेही जणू एकाच माणसाने एकाच दगडावर उभे राहून काढलेली वाटतात. मला आणखी एक यादी नको आहे. अनोळखी शहरात हाताशी थोडा वेळ असताना जागा हेरायच्या कशा आणि कोणत्या वेळी कुठे असावे, हे तिथल्या जाणकारांनी सांगितले तर उपकार होतील.

खालची आळी

प्रश्न चांगला विचारलात. आमच्या गावात जागा कमी नाहीत. पाहुण्यांची वेळ चुकते. बहुतेक मंडळी सकाळी निवांत नाश्ता करून अकराच्या उन्हात किल्ल्यावर पोहोचतात आणि सगळी संध्याकाळ एका सूर्यास्तासाठी राखून ठेवतात. म्हणून स्थळांची नावे थोडी बाजूला ठेवा आणि आधी दिशा व भरती-ओहोटी या दोन गोष्टींचा हिशेब मांडा.

दिशेचे गणित सोपे आहे. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून पाण्यावर पडते, त्यामुळे पाण्याचा निळा-हिरवा रंग सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान जितका खुलतो तितका संध्याकाळी कधीच खुलत नाही. संध्याकाळी समोर चकाकी असते आणि आकृत्या काळ्या उमटतात. ज्यांना तेच हवे आहे त्यांनी संध्याकाळ धरावी. किल्ल्यावरून मिरकरवाडा बंदराकडे पाहताना मात्र हे उलटे होते, कारण बंदर किल्ल्याच्या आग्नेयेला आहे. सकाळी तिकडे पाहिले तर सूर्य डोळ्यांत येतो, आणि दुपारी साडेतीननंतर तोच पाठीशी गेला की होड्यांचे निळे, केशरी, हिरवे रंग एकेक करून सुटे दिसू लागतात. रत्नदुर्ग घोड्याच्या नालाच्या आकाराचा असून त्याला तीन बाजूंनी पाणी आहे, म्हणून तिथे भगवतीचे मंदिर आणि दीपगृह एवढेच टिपून न परतता तटावरून चालत दर पन्नास पावलांवर मागे वळून पाहावे.

ऋतूनुसार सूर्यास्ताची जागाही सरकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य नैर्ऋत्येकडे बुडतो, त्यामुळे मांडवीच्या जेटीवरून तो मोकळ्या समुद्रात उतरताना दिसतो. मे महिन्याकडे तो बराच उत्तरेला, किल्ल्याच्या टेकडीच्या बाजूला गेलेला असतो. उन्हाळ्यातले एखादे छायाचित्र पाहून तुम्ही हिवाळ्यात त्याच जागी उभे राहिलात, तर हाती वेगळेच काही लागेल.

आता पाणी. आमच्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्यावी, परंतु कार्यक्रम आखायला हा आडाखा पुरतो. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. म्हणजेच पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ऐन सूर्यास्ताला पाणी पार मागे गेलेले असते, आणि मांडवीच्या काळ्या वाळूचा ओला पट्टा उघडा पडून त्यात आकाश उतरते. ती वाळू तिच्यातल्या इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे काळी आहे आणि कॅमेऱ्याला हमखास फसवते: चौकट काळोखी आहे असे समजून तो चित्र फिके करून टाकतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (प्रकाश मोजण्याची पायरी) उणे ठेवावे. किल्ल्याच्या पलीकडे पांढरा समुद्र नावाच्या किनाऱ्यावर याच्या बरोबर उलट, म्हणजे थोडे अधिक.

थिबा राजवाड्याबद्दल एवढेच की ब्रह्मदेशाच्या त्या पदच्युत राजासाठी १९१० च्या सुमारास बांधलेली ही वास्तू समोरून सगळेच टिपतात. तुम्ही छपराची उतरंड आणि लाकडी कोरीवकाम यांच्याजवळ जा, ५०ची लेन्स तिथे कामी येईल.

बंदरकाठ

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त बंदराविषयी थोडे लिहितो, कारण मिरकरवाड्यात कॅमेरा घेऊन येणाऱ्यांचे वागणे कधीकधी आम्हाला खटकते.

होड्या लागतात, टोपल्या उतरतात आणि मासळीचा लिलाव सुरू होतो तेव्हा जेटीवर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत लिलाव पुकारणाऱ्याच्या आणि घेणाऱ्यांच्या मधे उभे राहणे म्हणजे त्यांच्या धंद्यात आडवे येणे होय. कडेला बर्फाच्या गाड्यांजवळ उभे राहावे, पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नये, आणि कोणाचा चेहरा जवळून घ्यायचा असेल तर सरळ विचारावे. "मावशी, एक फोटो काढू का?" म्हटल्यावर दहांपैकी आठ जणी हसून हो म्हणतात, उरलेल्या दोघींचा नकार निमूटपणे मान्य करावा. फ्लॅश वापरू नये. माझ्या मते बंदरातली उत्तम छायाचित्रे लिलाव आटोपल्यावर मिळतात. खलाशी जाळे विणायला बसतात, पायाच्या अंगठ्यात दोरी ताणून धरलेली असते, सुईचा हात इतका सवयीने चालत असतो की नजर जाळ्यावर नसून शेजाऱ्याच्या गप्पांत असते. अशा वेळी त्यांना बोलायलाही सवड असते. नोव्हेंबरात येता आहात हे बरे. १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि बंदराचे रूप अगदी निराळे दिसते.

तटरक्षक दलाच्या नौका आणि त्यांच्या आवाराकडे कॅमेरा वळवू नये. ड्रोन आणण्याचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर परवानगीचे क्षेत्र तपासावे, कारण शहराचा विमानतळही तटरक्षक दलाच्या वापरात आहे.

एक किरकोळ पण उपयोगाची सूचना: वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला तर इथल्या दमट हवेत काचेवर धुके धरते आणि सकाळची पहिली पंधरा-वीस मिनिटे वाया जातात. रात्री पिशवी बंद करून खोलीबाहेर, सुरक्षित जागी ठेवावी.

जांभा आणि कौल

समुद्रावरच सगळे लक्ष देऊ नये. दुपारचे ऊन किनाऱ्यावर निरुपयोगी असले तरी अरुंद आळ्यांमध्ये तेच वरून गाळून येते. टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान आहे. जांभ्याचे जोते, उतरती कौले, पडवी, असे जुने कोकणी घर सावकाश पाहता येते. तिथून राम आळीकडे पायी जावे, आणि वाटेत नकाशा खिशात ठेवावा. भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये उभारलेले पतितपावन मंदिर तर सर्वांना ठाऊक आहेच.

जागा शोधण्याची माझी रीत अशी आहे की आदल्या रात्री उपग्रह नकाशावर पाणी, उंची आणि वस्ती जिथे एकमेकांना भिडतात त्या जागांवर खुणा करायच्या, आणि सकाळी रिक्षावाल्याला स्थळाचे नाव न सांगता "जिथून खाडी आणि पूल एकत्र दिसतील तिथे न्या" असे सांगायचे. याद्यांमध्ये नसलेली वळणे त्यांना पाठ असतात.

अर्धा दिवस आणि भाड्याची गाडी जमत असेल तर उक्षी गावचे कातळशिल्प अवश्य पाहावे. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, जांभ्यात कोरलेला हत्ती आहे. रेषा उथळ असल्यामुळे माध्यान्ही त्या जवळजवळ पुसल्या जातात, आणि ऊन तिरपे असताना प्रत्येक रेषेची एक कड सावलीत जाऊन आकृती उठून दिसते. म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास किंवा सूर्यास्ताआधीचा शेवटचा. कोकणातील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत; रेषांत खडू भरणे किंवा पाणी ओतणे हे प्रकार कृपया करू नयेत.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिनदर्शिका उघडून पाहिली, तर माझ्या शनिवारी अष्टमी आणि रविवारी नवमी आहे. पाऊणपट केली तर भरती सहा आणि पावणेसात येते. म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी चढलेले असणार, तेव्हा मांडवीच्या ओल्या वाळूचा नाद सोडावा का?

खालची आळी

हिशेब बरोबर आहे. वाळूचा नाद सोडा आणि खाडी धरा. शनिवारी दुपारी साडेतीनला किल्ल्यावरून बंदर घ्या, तिथून रिक्षाने पावणेपाचपर्यंत थिबा पॉइंटला या. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते ते भाट्याच्या खाडीचे मुख, पूल आणि राजिवड्याची वस्ती तिथून एका चौकटीत बसते, आणि भरलेली खाडी ओहोटीच्या चिखलापेक्षा केव्हाही देखणी. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असल्यामुळे पाणी उधाणाइतके चढणार नाही, पण ओढही कमी राहील, आणि वारा पडला तर नांगरलेल्या होड्यांची प्रतिबिंबे स्थिर मिळण्याची शक्यता त्यामुळेच जास्त आहे. सूर्य बुडाल्यावर लगेच ट्रायपॉड आवरू नका. पुलावरचे दिवे लागल्यानंतर आकाशात निळा रंग वीसएक मिनिटे टिकतो.

भरती पहाटेही सहाच्या सुमारास असेल, तेव्हा रविवारी उजाडताच राजिवड्याच्या बाजूला खाडीकाठी उतरा. दहापर्यंत पाणी बरेच ओसरलेले असेल. तिथून पुढे टिळक आळी. उक्षी या खेपेस जमवायचे असेल तर रविवारची संध्याकाळ तिला द्यावी लागेल, आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा, कारण तिन्हीसांजेनंतर तिकडे रिक्षा मिळणे कठीण.