पाचवा महिना आणि एप्रिल-मेचं ऊन: पंचवटी ते सातपूर रोज स्कूटीवर, काय सांभाळू?

पंचवटी_सातपूर

पाचवा महिना लागलाय. सकाळी साडेदहाला पंचवटीतून सातपूरला स्कूटीवर जाते, दुपारी दोनला बँकेच्या कामाला बाहेर पडावं लागतं, सहाला परत. डॉक्टरांनी अजून गाडी चालवायला नाही म्हटलेलं नाही. सनकोट, स्कार्फ, गॉगल सगळं आहे, तरी गालांवर वांग दिसायला लागलेत. सनस्क्रीन आता चालतं का, आणि कोणतं? पाणी नक्की किती? सासूबाई म्हणतात शहाळं, ऑफिसातल्या बायका म्हणतात ओआरएस. आणि चक्कर आली तर ती नेहमीची की ऊन लागलंय, हे कसं ओळखायचं?

गंगापूररोड_क्लिनिक

ताई, चामडीला लागणारं ऊन वेगळं आणि अंग तापवणारी उष्णता वेगळी. दोघांच्या वेळाही वेगळ्या. नाशिकला सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमाराला, अतिनील किरणं तेव्हा सगळ्यात तीव्र. २० मेच्या आगेमागे तर इथे भरदुपारी सावलीच पडत नाही. हवा मात्र सगळ्यात जास्त तापते तीन-चारला. म्हणजे तुमच्या साडेदहाच्या फेरीत चामडीला धोका आहे, दोनच्या फेरीत दोन्ही आहेत, आणि सहाला किरणं जवळजवळ संपलेली असली तरी डांबर तापलेलंच असतं. दोनचं बँकेचं काम सकाळी ऑफिसला जाता-जाता उरकता आलं, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

सनस्क्रीन चालतं. डबीवर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड लिहिलेलं घ्या, एसपीएफ किमान ३० आणि पीए (अतिनील-ए किरणं किती अडतात त्याची खूण) तीन प्लस. हे घटक चामडीच्या वरच राहतात, रक्तात जवळजवळ जात नाहीत. ऑक्सिबेन्झोन असलेलं टाळा. वांग आहेत म्हणून रंगाची छटा असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं घ्या. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात, आणि पांढरं सनस्क्रीन तो उजेड पुरेसा अडवत नाही.

प्रमाणात बहुतेकजणी कंजुषी करतात. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावलं तर डबीवरचा ३० हा आकडा कागदावरच राहतो. दोन तासांनी परत लावायचं, पण दिवसभर ऑफिसात आत असाल तर बाहेर पडण्याआधी लावलं तरी भागतं. घाम पुसला की तेवढी जागा उघडी पडते.

स्कार्फ उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर तो धुळीपुरता आहे. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती घ्या.

आणि कळकळीची गोष्ट: मेडिकलवाल्याने दिलेली ‘डागांची क्रीम’ लावू नका. त्यात बरेचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असतं. गरोदरपणात पहिली दोन नकोतच, तिसऱ्याने चामडी पातळ होते. वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्यापैकी फिके पडतात.

प्रसूती_वॉर्ड

आता उष्णतेचं. वरचं सगळं चोख केलं तरी अंग तापायचं थांबत नाही. उलट सनकोट, तोंडाला करकचून बांधलेला स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट, यात घाम वाळायला वाट राहत नाही. सनकोट सुती आणि ढगळ हवा, पॉलिएस्टरचा नको. गाडी लावली की आधी स्कार्फ सोडायचा.

गरोदरपणी रक्त जवळजवळ ४० ते ४५ टक्क्यांनी वाढतं, रक्तवाहिन्या सैलावतात, अंगात उष्णताही जास्त तयार होते. म्हणून उन्हात उभं राहिल्यावर बीपी पटकन उतरतं. त्यात इथली एप्रिल-मेची हवा कोरडी. घाम आल्या-आल्या वाळतो, त्यामुळे ‘मला घामच येत नाही’ असं वाटतं. कुर्त्याच्या काखेत, पाठीवर मिठाचे पांढरे डाग दिसले की समजायचं, बरंच गेलंय.

पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर धरा. एकदम तांब्याभर नको. बाहेर असाल तेव्हा दर वीस मिनिटांनी अर्धा-पाऊण ग्लास. लघवी फिकी आहे का बघा, पण बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की ती तशीही पिवळीजर्द होते. त्या दिवशी रंगावर जाऊ नका, चार-पाच तास लघवीलाच गेला नाहीत का, ते बघा.

शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून खूप घाम गेला असेल तर ओआरएस: पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला बघून घ्या, अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट अर्धं करून ग्लासात अंदाजाने कालवू नका. घरी करायचं तर एक लिटरला साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा. रोज ऑफिसात बसून ओआरएस प्यायची गरज नाही, ताक-मीठ-जिरं पुरे. बीपी वाढलेलं असेल तर मीठ आणि ओआरएस डॉक्टरांना विचारूनच.

रसवंतीचा रस नको म्हणेन. उसाचं काही नाही, बर्फाचं आहे. दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई होतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत ती कावीळ जिवावर बेतते.

चक्कर: सावलीत डाव्या कुशीवर आडवं व्हा, पाणी प्या. पंधरा-वीस मिनिटांत उतरली तर नेहमीची. मळमळ, पायात गोळे, डोकं ठणकणं तासाभरात कमी झालं नाही तर दवाखाना. बोलणं असंबद्ध होतंय, अंग भाजतंय, शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात, घाम असो वा नसो. १०८ ला फोन, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा, मान-काख-जांघेत गार कपडा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. क्रोसिनने हा ताप उतरत नाही.

डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, चेहरा-हात सुजलेत, हे ‘ऊन लागलं’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी बीपी मोजा. पोट थांबून थांबून कडक होत असेल तर दोन ग्लास पाणी पिऊन तासभर पडून राहा. तरी कळा नियमित येत राहिल्या तर थेट हॉस्पिटल.

निफाड_कांदा

शहराबाहेरचंही लिहितो. आमच्याकडे याच दिवसांत उन्हाळ कांद्याची काढणी. दिवस गेलेल्या बाईला सहा ते साडेदहा एवढंच काम द्यावं, तेही पात कापायचं, झाडाखाली. पत्र्याच्या शेडखाली नको, पत्रा वरून आग ओकतो. उकिडवं बसून एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून पाटावर बसवावं आणि हळू उठवावं. कामावर नवी असेल तर पहिला आठवडा जास्त जपावं, अंगाला उन्हाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. जवळ द्राक्षबाग आहे म्हणून फवारा मारलेल्या वेलीखाली विसाव्याला बसवणं, हे तर अजिबात नको.

पंचवटी_सातपूर

बँकेचं काम सकाळी हलवते. एक राहिलं: ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट १५२ आली. मग पन्हं, ओआरएस?

प्रसूती_वॉर्ड

ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त म्हणजे गरोदरपणातली शुगर. पन्हं, सरबत, कोकम सिरप बंद. शहाळं किती चालेल ते आहारतज्ज्ञांना विचारा. पाणी आणि बिनसाखरेचं ताक यावर भर द्या. खरंच अंगातलं पाणी गेलं तर मात्र ओआरएस घ्यायचं, शुगर आहे म्हणून टाळायचं नाही. घोट-घोट घ्या आणि त्या दिवशीचं रीडिंग वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. घरी कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. टाकी आठवड्याला रिकामी करून घासून वाळवा, त्यात डेंगीचे डास होतात.