रानडुकराच्या जबड्याचा सीटी स्कॅन: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पशुवैद्यकीय प्रबंधासाठी विभागाच्या संग्रहातले रानडुकराचे जबडे स्कॅन करतेय. जबडा कापायला सर तयार नाहीत, आणि रास्तच आहे. नराचा खालचा सुळा जन्मभर वाढतो, त्याचं मूळ बंदच होत नाही. म्हणून आतली पोकळी बुडाशी रुंद, टोकाकडे निमुळती. ती मोजायचीय. माणसांसाठीच्या सीटी यंत्रात 0.6 मिमीच्या कापांवर सुळा झकास दिसतो, पण दाढांचं इनॅमल (बाहेरचं कठीण आवरण) आणि डेंटिन (त्याखालचा थर) एकमेकांत मिसळलेलं दिसतं. दंतवैद्यांकडचा सीबीसीटी (कोन-बीम सीटी, दात-जबड्यासाठीचा छोटा सीटी) जास्त बारीक दाखवतो, मात्र त्यात अख्खा जबडा मावत नाही. दोन तुकड्यांत स्कॅन करून थ्रीडी स्लायसरमध्ये (स्कॅनच्या प्रतिमा हाताळायचं सॉफ्टवेअर) कुणी जोडलंय का? आणि स्कॅन करताना कोरडं हाड नुसतं ठेवावं की पाण्यात बुडवून?