सल्ला हवा: मठवासी आणि चर्चमधील वाद यांवरचा फ्रेंच चित्रपट

धागाकर्ती: आमच्या चित्रपटमंडळात गेल्या महिन्यात झाव्हिए बोव्हुआ यांचा, अल्जीरियातील मठवाशांवरचा २०१० चा चित्रपट दाखवला. तो सर्वांना आवडला. मात्र त्यात संकट मठाबाहेरून येते. आता ज्यात वाद चर्चच्या आतलाच आहे आणि केंद्रस्थानी एखादा मठवासी आहे, असा फ्रेंच चित्रपट हवा आहे. छळाचे प्रसंग नकोत, मंडळातली निम्मी माणसे उठून जातील.

प्रतिसाद १: सुझान शिफमन यांचा १९८७ चा 'ल म्वान ए ला सॉर्सिएर' पाहावा. तेराव्या शतकातला डॉमिनिकन (एक कॅथलिक धर्मसंघ) मठवासी एत्येन द बूर्बों (भूमिका चेकी कार्यो यांची) पाखंडी हुडकायला एका खेड्यात येतो आणि रानात राहून झाडपाल्याची औषधे देणाऱ्या एका बाईवर त्याची नजर जाते. पुढे त्याला कळते, की गावच्या बायका ज्या संत गिनफोरला नवस बोलतात, तो चक्क शिकारी कुत्रा आहे.

हा एत्येन खराच होऊन गेला. ल्योंजवळची ही हकिगत त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवली आहे: बाळाला सापापासून वाचवणारा कुत्रा, आणि त्याच्या तोंडाचे रक्त पाहून त्यालाच मारणारा मालक. पंचतंत्रातल्या मुंगसाचीच ही गोष्ट. आजारी बाळाची दुपटी झुडपांवर टांगायची आणि दोन झाडांच्या मधून बाळाला नऊ वेळा आरपार द्यायचे, हा विधीही त्याने बारकाईने नोंदवला. मग कुत्र्याचे अवशेष उकरून काढून झाडांसकट जाळायला लावले. संत कोणाला म्हणायचे हे ठरवायचे कोणी, हाच खरा वाद आहे.

प्रतिसाद २: माझे मत मोरिस पिआला यांच्या 'सू ल सोलेय द सातां'ला. १९८७ साली कान चित्रपट महोत्सवात त्याला पाम द'ऑर हा सर्वोच्च पुरस्कार जाहीर झाला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि पिआला यांनी मूठ उगारून उत्तर दिले. नायक मठवासी नसून खेड्यातला तरुण धर्मगुरू आहे, आणि तो स्वतःला चाबकाने फोडून काढतो, हे आधीच सांगून ठेवतो.

धागाकर्ती: चाबूक म्हटल्यावर तो बाद. एत्येनचाच ठरवते. कुत्र्याचे रहस्य तुम्ही इथेच फोडलेत, मंडळात मात्र मी ओठ शिवून बसेन.

प्रतिसाद १: क्षमस्व. त्याने सारे जाळल्यावरही तिथे बायका एकोणिसाव्या शतकापर्यंत नवस बोलत होत्या, एवढे तरी चित्रपट संपल्यावरच सांगा.