मदत हवी: कायमोट्रिप्सिनचा (प्रथिनं कापणारं एन्झाइम) शोषण-वेळ आलेख शून्यातून का निघत नाही?

सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्याला फोडतं तो पदार्थ) पॅरा-नायट्रोफिनाइल ॲसिटेट हा एस्टर, ०.५ मिलिमोलर. फॉस्फेट बफर, पीएच ८, २५ अंश. एन्झाइम दर मिलिलिटरला ०.२५ मिलिग्रॅम. ४०० नॅनोमीटरला शोषण पहिल्या काही सेकंदांत ०.११ ने उसळतं, मग सरळ रेषा. रेषा मागे वाढवली तरी शून्याला येत नाही. चूक ढवळण्यात की ब्लँकमध्ये (एन्झाइमविना नमुना)?

प्रतिसाद १
बहुतेक चूक नाहीच. ही उसळी पुसू नका, प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं तेच आहे.

एन्झाइममधली ही अमिनो आम्लं पाहा, आकडा म्हणजे साखळीतला क्रमांक: हिस्टिडीन-५७ सेरीन-१९५ चा प्रोटॉन ओढून घेतो, ॲस्पार्टेट-१०२ त्याला आधार देतो. मोकळा झालेला सेरीनचा ऑक्सिजन एस्टरच्या कार्बनवर चढतो. तिथे तयार होणारा ऋणभार ग्लायसीन-१९३ आणि सेरीन-१९५ यांचे एनएच गट धरून ठेवतात. म्हणून संक्रमण अवस्थेची ऊर्जा उतरते आणि वेग वाढतो. पिवळा नायट्रोफिनोलेट सुटतो, पण ॲसिटाइल सेरीनलाच चिकटून राहतो. पाणी येऊन तो सोडवणं, ही पायरी फार संथ. त्यामुळे प्रत्येक रेणू एक पिवळा रेणू झटकन देतो आणि अडकतो. हार्टली आणि किल्बी यांनी १९५४ मध्ये हेच दाखवलं.

आता हिशेब. रेणुभार साधारण २५,०००, म्हणजे एन्झाइम १० मायक्रोमोलर. पीएच ८ ला जवळपास ८८ टक्के नायट्रोफिनॉल पिवळ्या आयनरूपात, म्हणून शोषण गुणांक (१ मोलरला किती शोषण) १८,००० ऐवजी १६,००० धरा. ०.११ भागिले १६,००० म्हणजे सुमारे ७ मायक्रोमोलर. तुमचं साधारण ७० टक्के एन्झाइमच जिवंत आहे. कायमोट्रिप्सिन स्वतःलाच कापतं. एन्झाइमचा स्टॉक (साठवणीचं द्रावण) १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, बर्फावर ठेवा.

प्रतिसाद २
त्याआधी एक खात्री करा. एन्झाइम दुप्पट केलं की उसळीही दुप्पट व्हायला हवी. एन्झाइमशिवायही उसळी दिसली तर सब्स्ट्रेटचा स्टॉक आधीच फुटलाय. बाटलीत पिवळी छटा दिसेल. तो कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये ताजा बनवा. ट्रिस बफर नको, त्याचा अमाइन स्वतःच एस्टरवर हल्ला करतो. एन्झाइमविना येणारा उतार प्रत्येक वेळी वजा करा.

विचारणारा
दुप्पट एन्झाइमला ०.२२ आलं, ब्लँकला उसळी नाही. मग सरळ रेषेच्या वेगाला १० ने भागू की ७ ने?

प्रतिसाद १
७ ने. मात्र येणारा आकडा ॲसिटाइल सुटण्याच्या पायरीचा असेल, सेरीनच्या हल्ल्याचा नाही. तो हवा असेल तर पहिल्या काही सेकंदांचा वक्र स्टॉप्ड-फ्लोवर (द्रावणं क्षणार्धात मिसळून मोजणारं यंत्र) घ्यावा लागेल. हाताने ढवळून तो पकडता येत नाही.