एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकतात

प्रश्न (वडोदरा): १२५ सीसी बाईकला चारही इंडिकेटर एलईडी बसवले. लुकलुकण्याचा वेग दुप्पट झालाय, शिवाय डावा लावला की चारही पेटतात. दांडिया बाजारातला मेकॅनिक सगळं वायरिंग बदला म्हणतो. खरंच गरज आहे?

उत्तर १: अजिबात नाही. मूळ बल्ब १० वॅटचे, म्हणजे एका बाजूला २० वॅट. एलईडी जेमतेम दोन-तीन. एवढा कमी करंट दिसला की फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) समजतो की बल्ब उडाला. एलईडीसाठीचा दोन पिनी फ्लॅशर त्याच सॉकेटात बसवा. बी (बॅटरी) आणि एल (दिव्यांकडची) पिना उलट झाल्या तर चालणार नाही.

उत्तर २: फ्लॅशर बदलूनही चारही पेटतच राहतील. मीटरवरचा एकच दिवा डाव्या-उजव्या वायरींमध्ये जोडलेला असतो, त्यातून पलीकडे जाणारा करंट एलईडीला पुरतो. दिवा दोन्हींपासून सोडवा. एक टोक अर्थला, म्हणजे बाईकच्या सांगाड्याला. दुसऱ्याला दोन १एन४००७ डायोडांची (करंट एकाच दिशेने सोडणारे सुटे भाग) रंगीत पट्टीकडची टोकं, उरलेली टोकं डाव्या-उजव्या वायरींना. वर स्लीव्ह चढवा, पावसाळा आहेच.

प्रश्नकर्ता: आणि करंट वाढवून फ्लॅशरला फसवायला लावतात तो रेझिस्टर?

उत्तर १: ते कारचं काम, २१ वॅटच्या बल्बाजागी एलईडी लावला की ६ ओहम ५० वॅटचा. भाजण्याइतका तापतो, पत्र्यावरच कसायचा. बाईकवर कशाला ती भट्टी!